व्हर्लाच्या खुणा

ब्रायर क्रीक गावात हळू आवाजात कुणी बोलतच नसे. निम्मं गाव लाकडाच्या गिरणीत कामाला, आणि गिरणीत दहा-पंधरा वर्षं काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते होतंच. दुकानात पाव मागायचा तर ओरडून, आणि शेजारणीची निंदा करायची तर घराच्या खिडक्या लावून. चर्चमध्ये एखादीने मैत्रिणीच्या कानात काही सांगितलं, तर पाद्रीबुवासुद्धा हसू दाबत पुस्तकात डोकं घालायचे.

गिरणीच्या आत मात्र सगळे मुके. तिथे फरच्या झाडांचे हे भलेमोठे ओंडके गरगर फिरायचे, पातं त्यांचे लांबच लांब पापुद्रे सोलायचं, आणि त्या गदारोळात कुणी कानाशी येऊन नाव घेतलं तरी कळायचं नाही. तिथे बोलायचं ते हातांनी.

व्हर्ला ओक्स तिथे एकोणिसाव्या वर्षी लागली आणि वाळवणाच्या भट्टीवरच चाळिशी ओलांडली. ओले पापुद्रे भट्टीत सारायचे, पलीकडून वाळलेले काढायचे. उंचीने बेताची, खांदे पुरुषासारखे, आणि हात असे की बघत राहावं. कपाळावर अंगठा घासला की फोरमन येतोय. मनगटावर दोन बोटं आपटली की माल ओला आहे. कोपर धरलं की पापुद्रा फाटलाय. पण व्हर्ला एवढ्यावर थांबणारी नव्हती. भट्टीच्या या टोकाहून त्या टोकाला ती सासूच्या गोष्टी सांगायची, फोरमनच्या चालण्याची नक्कल करायची, आणि पलीकडच्या बाया पोट धरून हसत असताना तिच्या हातातली चळत तसूभरही सरकलेली नसायची.

नवी मुलगी कामाला आली की तिला व्हर्लाकडे द्यायचे. पहिल्या दिवशी व्हर्ला तिला एकच गोष्ट सांगायची, तीही बाहेर नेऊन, तोंडाने.

"थट्टा कर, चहाड्या कर, काय वाटेल ते कर. पण कामाची खूण कधी खोटी करायची नाही. यंत्र बंद नसताना बंद म्हणून दाखवलंस तर समोरची आत हात घालेल. कळलं?"

मुलीला कळायचं. कारण हे सांगताना व्हर्ला ज्या बाईकडे बोट दाखवायची, तिला डाव्या हाताला तीनच बोटं होती.

व्हर्लाचा धाकटा भाऊ लोरेन गिरणीत गेला नाही. तो शिकला, गावच्याच शाळेत जीवशास्त्र शिकवू लागला, आणि शाळेच्या फुटबॉल संघाचा बचाव सांभाळू लागला. इथला फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू छातीशी धरून धावायचं, नाहीतर फेकून झेलायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांचा. चढाई करणाऱ्यांना आपली चाल माहीत असते. बचाव करणाऱ्यांना ती ओळखावी लागते, आणि प्रत्येक वेळी चेंडू हलण्याआधी ठरवावं लागतं की कुणी चेंडूवाल्यावर धाड घालायची, कुणी मागे राखण करायची. हे लोरेन ठरवायचा आणि मैदानाच्या कडेवरून हातवारे करून पोरांना कळवायचा.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात संघ लागोपाठ तीन सामने हरला. आणि नुसता हरला नाही, पार धुऊन निघाला.

रविवारी लोरेन बहिणीकडे जेवायला आला तो चेहरा पाडूनच. व्हर्लाने भाजलेलं मांस आणि बटाटे वाढले. लोरेन बटाटा काट्याने नुसता चिवडत बसला.

"त्यांना आधीच कळतं, व्हर्ल," तो म्हणाला. "मी धाड घालायला सांगतो तेव्हा ते चेंडू डोक्यावरून फेकतात. मी मागे थांबा म्हणतो तेव्हा मधून पळतात. प्रत्येक वेळी! माझ्या मनात काय आहे ते त्यांना वाचता येतं की काय?"

व्हर्लाने नवऱ्याकडे पाहिलं. गेलन ओंडक्यांचा ट्रक चालवायचा आणि जेवताना सहसा बोलायचा नाही. पण आज त्याला राहवलं नाही.

"तू कान ओढलास की धाड," गेलन म्हणाला.

लोरेनचा काटा हवेतच थांबला.

"पोटावर थाप मारलीस की सगळे मागे," व्हर्ला म्हणाली.

"टोपी उलटी केलीस की डावीकडून."

"तुम्हाला कसं माहीत?"

"अरे, अख्ख्या गावाला माहीत आहे!" गेलन म्हणाला. "पेट्रोल पंपावरच्या त्या म्हाताऱ्या एल्मरलासुद्धा माहीत आहे, आणि त्याला एका डोळ्याने दिसत नाही."

व्हर्ला इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. लोरेन मात्र लाल झाला. "हसा. तुम्ही पन्नास यार्डांवरच्या अकरा पोरांना, बँड वाजत असताना, समोरच्याला न कळता काही सांगून दाखवा, मग हसा."

हे बोलून तो थांबला. व्हर्लाही थांबली. गेलनने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि ताटातला शेवटचा घास तोंडात टाकला. "बसा आता," तो म्हणाला, "मला माझी कॉफी स्वतःच घ्यावी लागणार."

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर मीठ-मिऱ्याच्या डब्या, चमचे आणि साखरेचे खडे मांडून बहीण-भावाने बचाव उभा केला. लोरेन सांगायचा, व्हर्ला खूण शोधायची. सगळ्यांनी धाड घालायची ती 'भट्टी पेटली' या खुणेने, दोन्ही मुठी छातीशी आणून झटक्याने उघडायच्या. सगळे मागे थांबायचे तर 'जेवणाची सुट्टी'. उजवीकडून दोघांनी घुसायचं तर 'फोरमन येतोय'. आणि गंमत म्हणजे पोरांना हे शिकवावं लागणारच नव्हतं. संघातल्या बहुतेक पोरांचे आई-बाप गिरणीत होते. घरी रात्री बाप डुलक्या घेत असला की आई हातांनीच पोराला म्हणायची, दिवा घालव, झोप, नाहीतर बघ. ही पोरं बोलायच्या आधीपासून ही भाषा वाचत होती.

मुख्य प्रशिक्षक बड प्रुइट मात्र तयार होईना. हा बड पोटाने मोठा आणि शिट्टी गळ्यात घालूनच झोपत असावा असा माणूस.

"माझ्या मैदानाच्या कडेला बाई?" तो म्हणाला. "लोक हसतील."

"सध्या काय करतायत?" व्हर्लाने विचारलं.

मार्टी आहो हा बचावाचा म्होरक्या पोरगा, मानेचा पत्ता नसलेला, शेजारीच उभा होता. तो हळूच म्हणाला, "कोच, मिसेस ओक्सनी आत्ता मला हातांनी सांगितलं की तुमच्या हनुवटीला मोहरीचा सॉस लागलाय."

बडने हनुवटी पुसली. सॉस होता.

असं व्हर्लाचं मैदानावर येणं ठरलं. तिने सकाळची पाळी मागून घेतली. गेलनची शिकारीची नारिंगी टोपी डोक्यावर, म्हणजे पोरांना ती लांबून सापडावी, आणि हातात गिरणीतले पांढरे सुती हातमोजे, म्हणजे बोटं उठून दिसावीत. लोरेनने तिच्यापासून दहा पावलांवर उभं राहून आपले जुने हातवारे तसेच चालू ठेवायचे, कान ओढायचा, पोट थोपटायचं, पण त्यांना काही अर्थ नाही, असं पोरांना बजावलं गेलं.

पहिल्याच सामन्यात पलीकडच्या लोकांनी तिची टर उडवली. "ओ बाई! माशा हाकलताय का?" "कपडे वाळत घालायची जागा तिकडे मागे!" व्हर्लाचं लक्षच नव्हतं. तिच्यासमोर अकरा पोरं उभी होती आणि अकराच्या अकरा तिच्या हातांकडे बघत होती. लोरेन तोंड जेमतेम हलवत म्हणाला, "सगळी धाड," आणि तिच्या मुठी छातीशी येऊन उघडल्या. पोरं सुटली ती बांध फुटल्यासारखी. समोरच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे ज्याच्या हातात चेंडू पहिल्यांदा येतो त्या पोराला, चेंडू धड पकडताही आला नाही आणि तो चौघांच्या खाली गेला.

व्हर्ला जागच्या जागी उडाली. तिच्या तोंडून असा आवाज निघाला की बडची शिट्टी त्यापुढे काहीच नव्हती.

"लोरेन! आपण केलं हे! मी केलं!"

"पुढची खूण, व्हर्ल, पुढची!" लोरेन ओरडला, पण तोही नाचतच होता.

तो सामना जिंकला. पुढचाही जिंकला. त्यानंतरचाही. गिरणीत व्हर्लाला फोरमनसुद्धा विचारू लागला, "या शुक्रवारी काय?" आणि ती पापुद्रे सारता सारता हातांनी सांगायची, 'फाडणार.' बायकांनी तिच्या मोज्यांवर लाल धाग्याने गावाचं नाव भरून दिलं. एल्मर म्हाताऱ्याने पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. व्हर्लाला जन्मात कधी इतकं कुणी कौतुकाने वागवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते फार आवडत होतं.

मग आला त्या फेरीचा शेवटचा सामना, नॉर्थ फोर्कबरोबर.

नॉर्थ फोर्क म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचं गाव. तिथेही गिरणी, तिथेही बहिरी माणसं, आणि दोन्ही गावांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. सामना शनिवारी दुपारी होता, नॉर्थ फोर्कच्याच मैदानावर. ब्रायर क्रीकहून ट्रकांची रांग लागली होती. जिंकणारा पुढच्या फेरीत जाणार होता.

पहिला अर्धा सामना व्हर्लाचा होता. नॉर्थ फोर्कचा क्वार्टरबॅक कर्बी नावाचा उंच, लाल केसांचा पोरगा होता, चांगला चपळ. पण त्याने जे काही योजावं त्याच्या वाटेत आधीच कुणीतरी उभं. पांढरे मोजे लखलखत होते. मध्यंतराला ब्रायर क्रीक चौदा, नॉर्थ फोर्क तीन.

मध्यंतरानंतर काहीतरी बिनसलं.

व्हर्लाने 'भट्टी पेटली' केलं, आणि कर्बीने ऐन वेळी ओरडून आपल्या पोरांची चाल बदलली. चेंडू धाड घालणाऱ्यांच्या डोक्यावरून गेला. 'जेवणाची सुट्टी' केली, तर मधून पळाले. पुन्हा. पुन्हा. गुण झाले, चौदा-दहा.

"योगायोग," बड म्हणाला.

"योगायोग नाही," लोरेन म्हणाला. त्याचा चेहरा सप्टेंबरातल्यासारखा झाला होता.

व्हर्ला कर्बीकडे बघत होती. प्रत्येक चालीआधी पोरगा मान वळवायचा, आपल्या प्रशिक्षकाकडे नव्हे, तर त्याच्याही वर, गर्दीकडे. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा व्हर्लाने त्याच्या नजरेचा धागा पकडला आणि तो पकडून आपली नजर वर नेली.

चौथ्या रांगेत पिवळा रेनकोट घातलेली एक बाई उभी होती. आजूबाजूचे सगळे आरडाओरडा करत होते, ही मात्र गप्प. हिचे हात तेवढे चालू होते. दोन्ही मुठी छातीशी आणून तिने झटक्याने उघडल्या.

"आर्लिस!" व्हर्ला म्हणाली.

आर्लिस हेगडॉर्न. भट्टीच्या दुसऱ्या टोकाला अकरा वर्षं उभी राहिलेली आर्लिस. व्हर्लाने जिला बाहेर नेऊन ती पहिली गोष्ट सांगितली होती, जिच्या बाळंतपणात व्हर्लाने दवाखान्यात रात्र काढली होती, तीच. कर्बी हे नाव ऐकून व्हर्लाला आधीच कळायला हवं होतं. पण तिने बघितलेला कर्बी तिच्या छातीएवढा होता आणि त्याच्या नाकाला सतत शेंबूड असायचा.

सहा वर्षांपूर्वी गिरणीत संप झाला होता. आर्लिसचा नवरा संप मोडून फाटकातून आत कामाला गेला. घरात तीन पोरं होती, एक आजारी होतं. पण गावाने ते ऐकून घेतलं नाही. एके दिवशी आर्लिस दुकानात भेटली आणि लांबूनच हातांनी म्हणाली, 'बोल ना माझ्याशी.' व्हर्लाने आपले हात कोटाच्या खिशात घातले. महिन्याभरात आर्लिसचं घर रिकामं झालं. तेव्हापासून दोघींची गाठ नाही.

आणि आता ती तिथे उभी होती, मैदानाच्या पलीकडे, आणि व्हर्लाची प्रत्येक खूण आपल्या पोराला देत होती.

व्हर्लाला राग यायला हवा होता. तो आलाच नाही. तिला एकदम असं वाटलं, जणू भट्टी चालू आहे आणि त्या टोकाला तिचं माणूस उभं आहे.

"लोरेन, ती बघ. पिवळा कोट. ती वाचतेय मला. पहिला अर्धा सामना बघून अर्थ लावलाय तिने."

लोरेनने पाहिलं. त्याने डोक्याला हात लावला. "मग खोटं सांग तिला! एक दाखव, दुसरं करू!"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"कामाची खूण मी खोटी केलेली नाही. कधीच नाही."

"व्हर्ला," बड किंचाळला, "ही गिरणी नाही! इथे कुणाचं बोट जाणार नाही!"

"पण करायची कशी ते हातांना माहीत नाही ना," व्हर्ला साधेपणाने म्हणाली.

तिने हात खाली सोडले. मार्टीने आपल्या अंदाजाने बचाव लावायला सुरुवात केली. पोरं जीव तोडून खेळत होती, पण नॉर्थ फोर्क पुढे सरकत होतं, पाच यार्ड, सात यार्ड, चिखलातून, इंचाइंचाने. वेळ संपत आला. शेवटी चेंडू गोलरेषेपासून आठ यार्डांवर आला. हा त्यांचा चौथा प्रयत्न होता, शेवटचा. हा जमला तर सामना त्यांचा.

बडने खेळ थांबवून घेतला. चिखलाने माखलेली पोरं कडेला आली. मार्टीच्या ओठातून रक्त येत होतं.

"कोच लोरेनच्या खुणा," तो धापा टाकत म्हणाला. "जुन्या. कान ओढायच्या त्या."

"त्या सगळ्यांना माहीत आहेत," बड म्हणाला.

"माहीत आहेत, पण दोन महिने त्यांच्याकडे कुणी बघितलेलं नाही! ते नुसते हात हलवतात, असं सगळ्यांना वाटतं. आम्ही त्यांच्याकडे बघतो. फक्त..." त्याने व्हर्लाकडे बघितलं. "तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात तर नॉर्थ फोर्कवाले पुन्हा कोच लोरेनकडे बघायला लागतील, मिसेस ओक्स. तुम्हाला काहीतरी करावंच लागेल."

सगळे तिच्याकडे बघू लागले. पंचाने शिट्टी तोंडात धरली.

व्हर्लाने पलीकडे पाहिलं. आर्लिस उभी होती. तिची नजर थेट व्हर्लावर होती, वाट बघत. आणि लांबूनसुद्धा व्हर्लाला ओळखू आलं की तिच्या चेहऱ्यावर हसू आहे, भट्टीवर फोरमनची नक्कल बघताना असायचं तेच. दोघींनी बोलणं सोडल्याला सहा वर्षं झाली होती आणि आज दुपारभर दोघी बोलतच होत्या.

"ती माझ्याशी खेळतेय," व्हर्ला हळूच म्हणाली. मग तिचे डोळे चमकले. "थट्टा चालते. मी स्वतःच सांगितलंय तिला. लोरेन, ओढ तुझे कान."

पोरं धावत आत गेली. बँड बेभान वाजत होता. दोन्ही बाजूंचे लोक उभे राहून पाय आपटत होते, आणि लाकडी पायऱ्यांचा आवाज असा झाला की अधू कानांच्या व्हर्लालासुद्धा तो छातीत जाणवला.

दहा पावलांवर लोरेनने पोटावर थाप मारली. एकदा, दोनदा. सगळे मागे.

व्हर्लाने दोन्ही मुठी छातीशी आणल्या. आणि तिने त्या झटक्याने उघडल्या, भट्टी पेटली.

पलीकडे पिवळ्या बाह्या हलल्या. कर्बीने वर बघितलं. वळला. ओरडून त्याने चाल बदलली. सगळे धाड घालणार, म्हणजे मधली जागा मोकळी राहणार, म्हणजे झटकन मध्ये फेकायचं. हुशार पोरगा होता, आणि लोरेन याचीच वाट बघत होता.

चेंडू मागे कर्बीच्या हातात गेला. बचावाची पोरं एक पाऊल पुढे आली आणि लगेच उलटी वळून मागे धावली. कर्बीचा हात तोवर सुटला होता. चेंडू गरगरत मधल्या जागेकडे निघाला. ती जागा मोकळी नव्हती. तिथे मान नसलेला मार्टी आहो उभा होता, हात पसरून, घरी पार्सल घ्यायला दारात उभा असल्यासारखा.

चेंडू त्याच्या पोटात बसला. त्याने तो दोन्ही हातांनी आवळला आणि तिथेच चिखलात आडवा झाला.

पुढचं व्हर्लाला धड आठवत नाही. बडने तिला उचललं होतं हे लोक सांगतात, आणि बडने ते कायम नाकारलं. गेलन पायऱ्यांवरून खाली येताना घसरला आणि कॉफीचा थर्मास फुटला. लोरेन गुडघ्यांवर बसून दोन्ही कान ओढत हसत होता, रडत होता. पोरांनी तिचे मोजे ओढून घेतले आणि हवेत उडवले. सामना जिंकला होता!

त्या गोंधळातून कसंबसं बाहेर पडून व्हर्ला कडेच्या रेषेवर आली. पलीकडचे लोक निघाले होते. पिवळा कोट तिथेच होता.

मोजे नव्हतेच. व्हर्लाने उघडे हात वर केले.

आर्लिसने आधी बोलायला सुरुवात केली. 'खोटारडी,' ती हातांनी म्हणाली. मग कमरेवर हात ठेवून तिने फोरमनची चाल केली, पोट पुढे, पाय फेंगडे.

व्हर्ला मोठमोठ्याने हसली. 'तुझा पोरगा चांगला खेळला.'

'रडतोय बसून. केवढा झालाय, बघितलंस?'

'बघितलं. शेंबूड गेला.'

आर्लिस हसली. व्हर्लाला कळलं की आता आपण बोलायला हवं. सहा वर्षांत तिने हे वाक्य मनात कितीतरी वेळा जुळवलं होतं, तोंडाने. हातांनी ते फार छोटं झालं. 'दुकानात. माझी चूक.' आणि पुन्हा, कारण पहिल्यांदा तिचं तिलाच नीट दिसलं नव्हतं: 'माझी चूक.'

दोघींच्या मधून बँडवाली पोरं ढोल घेऊन चालली होती. ती गेल्यावर आर्लिस म्हणाली, 'हो. तुझीच.' आणि मग, 'उद्या जेवायला ये. गेलनला आण. केक मी करते, तुझा केक कडक होतो.'

रविवारी ओक्स मंडळी नॉर्थ फोर्कला गेली. दारात दोघी एकमेकींना बराच वेळ धरून उभ्या राहिल्या. मग बोलायला बसल्या, त्या इतक्या मोठ्याने की आर्लिसच्या नवऱ्याने शेवटी उठून खिडक्या लावल्या. तो गेलनशी आधी ट्रकच्या टायरांबद्दल बोलला, मग माशांबद्दल, आणि संपाबद्दल दोघेही काही बोलले नाहीत. कर्बी केकचा तिसरा तुकडा घेत व्हर्लाला म्हणाला, "तुम्ही मला फसवलंत."

"मी तुझ्या आईला फसवलं," व्हर्ला म्हणाली. "तू मध्ये आलास."

ब्रायर क्रीक पुढच्या फेरीत एका मोठ्या शहरी शाळेकडून सपाटून हरलं. त्यांना खुणा चोरायची गरजच नव्हती, पोरंच दुप्पट आकाराची होती. घरी परतताना बसमध्ये सगळे गाणी म्हणत होते.

पुढच्या सप्टेंबरात व्हर्ला नव्या मोज्यांनिशी मैदानावर उभी राहिली. नॉर्थ फोर्कचा सामना आला तेव्हा पलीकडच्या रांगेत पिवळा कोट दिसेना. तिने चौथी रांग पाहिली, पाचवी पाहिली. मग मार्टीच्या जागी आलेल्या पोराने तिचा कोट ओढला आणि बोट दाखवलं.

पिवळा कोट वर गर्दीत नव्हता. तो खाली होता, नॉर्थ फोर्कच्या प्रशिक्षकाच्या शेजारी, थेट मैदानाच्या कडेला. आर्लिसने पांढरे मोजे घातले होते. ते तिने वर धरून व्हर्लाला दाखवले, उलटे, सुलटे, आणि म्हणाली, 'चल. आता बघू.'